बसण्यास सक्षम

माझ्या उजव्या कुल्ल्यातला एक स्नायू आखडला आहे. तो आतली नस दाबतो आणि बसलं की कळ थेट पोटरीपर्यंत जाते. डॉक्टरांनी त्या स्नायूत घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. मला घाई होती. शनिवारी थोरली बहीण मुलाकडे परदेशी निघाली होती, कायमची. तिला भेटायचं तर बसमध्ये सहा तास बसणं भाग होतं.

आमच्या लहानपणी कंपाउंडर "कुठं दुखतंय?" असं विचारता विचारताच सुई टोचून मोकळा व्हायचा. आता आधी दुखणं मोजतात. दहापैकी सात भरलं, तरच इंजेक्शन.

"आत्ता किती आहे, आजी?" दवाखान्यातल्या नोंदणीवाल्या बाईंनी विचारलं.

"आत्ता तीन. उभी आहे ना."

"तिनावर नाही मिळत."

"अहो, बसले की नऊ होतं!"

"मग बसा की! आणि नंबर पुकारेपर्यंत उठू नका. उठलात तर परत तिनावर याल."

बसले. लोखंडी बाक, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचं चित्र. दातओठ खात, देवाचं आणि त्या बाईंचं नाव आळीपाळीनं घेत बसले. नंबर आला तेव्हा पाय कुणा दुसऱ्याचाच वाटत होता.

"घ्या, झालं नऊ!"

बाईंनी घड्याळ पाहिलं. "चाळीस मिनिटं बसलात?"

"तुम्हीच बसवलंत ना!"

"तीस मिनिटांच्या वर बसला तर रुग्ण बसण्यास सक्षम. इंजेक्शन सक्षम नसलेल्यांना."

"मग लिहा, म्हातारी बसलीच नाही."

"खोटं कसं लिहू, आजी? साक्षीदार आहेत."

त्यांनी 'बसण्यास सक्षम' असा दाखला लिहून सह्यांसाठी बाकावर फिरवला. बाकावर चौघं होती. माझं प्रकरण मिटलं की त्यांचा नंबर लागणार होता. चौघांनीही सह्या ठोकल्या. एक गृहस्थ तर म्हणाले, "बसल्या होत्या म्हणजे काय, चांगल्या ऐसपैस!"

बहिणीचा निरोप मी फोनवरच घेतला, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, उभ्यानं. "बसमध्ये बसवत नाही गं," म्हटलं. ती रडली. मग मीही रडले.

दाखला अजून माझ्याकडे आहे. तीन सह्या वाचता येतात. चौथी फार घाईत केलेली आहे, वरचा मजकूर न वाचता. जरा आठवून बघता का? तुमचा नंबर त्या दिवशी लवकर लागला असेल.