स्वार वेनेबल्सचं खोगीर

यंदाच्या अ‍ॅन्झॅक दिनाला, म्हणजे पंचवीस एप्रिलच्या युद्धस्मृतिदिनाला, मिरवणुकीच्या अग्रभागी चालणाऱ्या घोडीवर आपलंच खोगीर असणार, हे नेव्हिल टकवेलने फेब्रुवारीतच कुरिंगल गावभर करून टाकलं होतं. खाटीक, न्हावी, पोस्टातली बाई, कुणालाही सोडलं नव्हतं!

हक्कही होता म्हणा त्याचा. तीस वर्षं त्याने जुन्या घोडदळाचं सामान गोळा केलं होतं. लगाम, तंग, नालांच्या पिशव्या, घोड्याच्या तोंडाला बांधायचे चाऱ्याचे तोबरे. जे इतरांनी उकिरड्यावर टाकलं, ते नेव्हिलने मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेल लावून टांगलं. "घर म्हणजे नुसती खोगीरभरती झालीय," असं त्याची बायको बेरिल येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पण या सगळ्या पसाऱ्यात एक चीज खरोखर अस्सल होती. एका खोगिराच्या पाळीखाली चाकूने कोरलं होतं: सी. वेनेबल्स. आणि हेच नाव गावच्या स्मारकावर होतं. हा क्लॅरी वेनेबल्स पहिल्या महायुद्धात गेला तो गेलाच. हाडंसुद्धा सापडली नाहीत.

रिकाम्या घोडीवर हे खोगीर, आणि रिकिबीत उलटे बूट! टाचा पुढे, चवडे शेपटीकडे. म्हणजे स्वार आता परत येणार नाही. ही रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नेव्हिलने महिनाभर आधीच शेडमधल्या मांडीइतक्या उंचीच्या लाकडी घोडीवर सगळा साज चढवला, बूट उलटे अडकवले आणि रोज दुपारी चेंडू खेळायला क्लबात जाऊ लागला.

पहिल्या मंगळवारी चार वाजता परत येऊन पाहतो, तर बूट सुलटे!

'आपलीच चूक,' तो म्हणाला आणि त्याने ते उलटे केले. बुधवारी पुन्हा सुलटे. गुरुवारी त्याने खोगिरावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. खोगीर गरम होतं. उन्हाने तापलेलं नव्हे, माणूस नुकताच उठून गेल्यावर खुर्ची असते तसं उबदार! आणि शेडमध्ये तंबाखूच्या धुराचा वास. टकवेलांच्या घरात नवीन वर्षापासून कुणी सिगारेट ओढत नव्हतं. सासूबाईंना डॉक्टरांनी बंदी घातली होती, आणि बायबलावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली होती.

वर पत्रा कडकन वाजला. नेव्हिल टोपी तिथेच टाकून घरात पळाला.

"बेरिल, शेडमध्ये कुणीतरी येतं."

"कोण येणार? मी पाचपर्यंत चर्चच्या दुकानात. आई दुपारी झोपते, तोफ उडाली तरी उठत नाही."

सासूबाई, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या एटी, कोपऱ्यात ताटातला बटाटा काट्याने चाचपत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. न्हाणीघराची पायरी चढायलाही दोघांनी धरावं लागायचं.

"वेनेबल्स असेल," त्या शांतपणे म्हणाल्या.

"आई, काहीतरीच काय!" बेरिल ओरडली.

"काहीतरीच कसलं? दमलेलं माणूस. स्वतःच्या खोगिरावर बसायचं नाही, तर बिचाऱ्याने बसायचं कुठे? बसू दे त्याला. आणि नेव्हिल, दुपारी तिकडे फिरकू नकोस. मेलेल्यांना कुणी डोकावलेलं आवडत नाही."

नेव्हिलला भुताखेतांवर विश्वास नव्हता. तो हे स्वतःला दिवसातून दहादा सांगत होता! तरी सोमवारी त्याने खोगिराशेजारच्या पालथ्या खोक्यावर चहाचा पेला आणि ओट्सचं एक कडक बिस्किट ठेवलं. चारला पेला रिकामा. बिस्किटाची कड तेवढी उरलेली. मधला भाग चहात बुडवून खाल्लेला. नेव्हिलच्या अंगावर सरसरून काटा आला. सत्तर-पंचाहत्तर वर्षं उपाशी होता बिचारा! मंगळवारी त्याने दोन बिस्किटं ठेवली.

अखेर त्याने माजी सैनिक मंडळाच्या अध्यक्षांना बोलावलं. अ‍ॅथॉल स्ट्रहान हा सहा फुटी, करड्या मिशांचा, हसला तर दंड भरावा लागेल अशा चेहऱ्याचा गृहस्थ. तो चारच्या ठोक्याला शेडमध्ये शिरला.

"नेव्हिल, तुला ऊन लागलंय," तो म्हणाला आणि त्याने खोगिरावर हात टेकला.

हाताला ऊब लागली. मग त्याने हळूच टोपी काढली.

"वेनेबल्स?" तो कुजबुजला.

कुठेतरी एक चामडी पट्टा आपोआप करकरला. दोघेही एकाच वेळी दाराकडे निघाले आणि दारात अडकले!

बाहेर आल्यावर अ‍ॅथॉलने मिशी नीट केली. "काहीही असो. मिरवणुकीत बूट उलटेच पाहिजेत. गावासमोर सुलटे दिसले, तर मेलेल्यांची थट्टा केली म्हणतील लोक. नाहीतर पुढच्या वर्षापासून मान गावातल्याच रॉय पिंकनीच्या खोगिराला."

रॉय पिंकनीचं खोगीर! त्याचे तर टाकेही मशीनचे! त्या आठवड्यात नेव्हिलला जेवण गेलं नाही. तीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस तोंडावर. आणि ज्याच्यासाठी हा सगळा मान, तो माणूस रोज येऊन सांगतोय, बूट सरळ कर, मी परत आलोय. कुणाचं ऐकायचं?

पंचवीस तारखेला सकाळी शेतांवर दाट धुकं होतं. नऊ वाजता नेव्हिल दाढी करून शेडमध्ये गेला, तर बूट सुलटे, खोगीर गरम आणि वास एवढा ताजा, की जणू वेनेबल्स त्याच्या खांद्यावरून पाहत होता. त्याने साज उचलून शेजाऱ्याच्या डचेस नावाच्या म्हाताऱ्या घोडीवर चढवला. भुशाने भरलेला तोबरा खोगिराला जसा बांधलेला होता तसाच राहू दिला. मग एक बूट हातात घेऊन तो उभा राहिला.

"तुझं खोगीर, तुझी मर्जी," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही बूट सुलटे अडकवले.

मुख्य रस्त्यावर दुतर्फा माणसं होती, छातीवर आठवणीची खूण म्हणून रोझमेरीच्या काड्या टोचलेली. धुक्यातून डचेस आली आणि आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली. बूट सुलटे! स्मारकापाशी अ‍ॅथॉल लालबुंद झाला. पण तोवर मौन सुरू झालं होतं, आणि मौनात ओरडता येत नाही.

एक मिनिट. कुणी हलत नव्हतं. आणि रिकाम्या खोगिरावर, बरोबर माणसाचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर, धुराची निळसर रेघ उभी राहिली.

एका बाईने तोंडावर हात दाबला. चाकाच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या सैनिकाने सलाम ठोकला. मग दुसऱ्याने. अ‍ॅथॉलचाही हात वर गेला आणि मिशीवरून पाणी ओघळलं. नेव्हिल लगाम धरून ढसाढसा रडत होता, पण आवाज न करता. आलास बाबा. आलास एकदाचा घरी!

डचेस शिंकली. पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनी नाक वर करून दोनदा हुंगलं.

"नेव्हिल!" त्या मौन फाडत ओरडल्या. "तोबऱ्यात पाणी ओत आधी! भुसा पेटलाय! मघाशी तुझी पावलं ऐकून मी सिगारेट त्यात खुपसली आणि सटकले!"

"आई!" बेरिल किंचाळली.

"आई काय, आई? रोज एकच ओढते! अख्ख्या शेडमध्ये बसायला दुसरं आहे काय?"

"आणि बूट?" नेव्हिलने विचारलं.

"बुटांत विषारी कोळी बसतात. झटकून ठेवते मी तुझ्या काळजीने! आणि मला दिसतं का? बूट सरळच घालतात एवढं ठाऊक आहे. तू उलटे ठेवत होतास? अरे देवा!"

बिगुल वाजवणाऱ्याला हसू आवरेना. त्या वर्षीचा बिगुल तीनदा सुरू करावा लागला. पुढच्या वर्षीचा मान तिथल्या तिथे रॉय पिंकनीकडे गेला. नेव्हिलला त्याच्या घोडीमागून बादली आणि फावडं घेऊन चालायचं काम मिळालं.

आता बेरिलने शेडला कुलूप घातलंय. नेव्हिल रोज चारला क्लबातून येतो, कुलूप काढतो. बूट उलटे, जसे ठेवले तसे. खोगिरावर हात ठेवतो. गार. वेनेबल्स कधी आलाच नव्हता, हे कळतं त्याला. तरी तो हात लगेच उचलत नाही.

परवा तो पंधरा मिनिटं तसाच उभा राहिला. मग घरात जाऊन त्याने सासूबाईंच्या दारावर हलकेच टकटक केली.

"आई, बेरिल पाचपर्यंत यायची नाही. चहा टाकलाय. चला."

तोबरा मात्र त्याने आधीच बाहेर झाडाला नेऊन टांगला होता.