बांधावर बसलेली समिती

एका जंगलात विधिमंडळ होते. मुलांनो, हसू नये. सिंह असलेल्या जंगलात विधिमंडळ कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. त्या जंगलातील प्राण्यांना तो कधीच पडला नाही. म्हणून आपणही तो बाजूला ठेवू आणि पाठ ताठ करून पुढे ऐकू.

विधिमंडळाची दोन सभागृहे होती. जमिनीवर भरे ती तळसभा आणि वडाच्या फांद्यांवर भरे ती फांदीसभा. राज्याच्या कोठारातून काय खर्च करावे, हे तळसभा ठरवी. फांदीसभेने त्यावर बोलावे, सुस्कारे सोडावेत आणि विधेयक होते तसे परत पाठवावे, असा नियम होता. शेवटी वनराज सिंह विधेयकावर आपला पंजा उमटवीत. पंजा उमटला की कायदा झाला.

त्या जंगलात एक तळे होते. तळ्याला मातीचा बांध होता. बांधाखाली कोरडा माळ होता आणि माळावर, खड्यांच्या मधोमध, एका टिटवीची चार अंडी होती. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि शासनावर विश्वास ठेवते.

एके सकाळी बांधाला भोक पडले. ते खेकड्याने पाडले, असे सरकारचे म्हणणे होते. खेकड्याचे म्हणणे कोणी विचारले नाही.

भोकातून आलेले पाणी अंड्यांच्या दिशेने सरकू लागले. टिटवीने चोचीने माती आणून लावली. माती वाहून गेली. जवळच राखीव टेकडी होती. तिची माती चिकट होती. टिटवी तेथे गेली. टेकडीवर रानडुक्कर पहाऱ्याला होते.

"मंजुरी आहे का?" रानडुकराने विचारले.

"बांधाला भोक आहे हो!"

"मी मंजुरीविषयी विचारले."

टिटवी अर्थमंत्र्यांकडे उडाली. अर्थमंत्री मुंगूसराव स्वभावाने तत्पर होते. त्यांनी टिटवीचे सर्व बोलणे ऐकून घेतले आणि मिशा फेंदारल्या.

"एक पाटी माती ना, टिटवीबाई? अहो, एवढ्यासाठी डोळ्यांत पाणी कशाला? आजच विधेयक मांडतो."

आणि त्यांनी ते खरोखरच मांडले. ताडपत्राच्या एका पानावर ते सहज मावले. त्याचे नाव होते 'बांध दुरुस्ती विनियोजन विधेयक'. त्यात एकच कलम होते: राखीव टेकडीवरून एक पाटी माती.

आता कोणतेही खर्चाचे विधेयक चर्चेपूर्वी समितीकडे जाई. समितीचे अध्यक्ष होते गजराजपंत हत्ती. समितीने बैठक प्रत्यक्ष जागेवर घ्यावी, अशी तेथील प्रथा होती. दुसरीही एक प्रथा होती. विधेयकावर वनराजांचा पंजा उमटेपर्यंत समितीच्या अध्यक्षांनी आपली जागा सोडू नये. न जाणो, मध्येच कोणास एखादा खुलासा हवा झाला तर! आजवर कोणास तो हवा झाला नव्हता. परंतु प्रथा ती प्रथा.

गजराजपंत माळावर आले. त्यांनी बांध पाहिला, भोक पाहिले, मान डोलावली. मग बांधाच्या उताराला टेकून ते ऐसपैस बसले. ते नेमके भोकावर बसले.

पाणी थांबले.

"इथे गार लागते आहे," पंत म्हणाले. "नोंद घ्या. स्थळ थंड आहे."

टिटवीला गार-गरम सुचत नव्हते. ती पंतांच्या कानाशी घिरट्या घालू लागली.

"पंत, अहवाल केव्हा देणार? पंत, विधेयक पुढे केव्हा जाणार? माझी अंडी भिजतील हो!"

"आत्ता भिजत आहेत का?"

टिटवीने खाली पाहिले. "आत्ता नाहीत."

"मग धीर धरा. समिती विचार करते आहे." असे म्हणून पंतांनी ऊस सोलला.

ऊस संपले, तेव्हा अहवाल तयार झाला. 'बांधास भोक आहे. ते नसावे, असे समितीचे मत आहे.' अहवाल तळसभेत गेला. पंत प्रथेप्रमाणे जागेवरच राहिले.

तळसभेत त्या दिवशी मोठी गर्दी होती. कारण विधेयक येत आहे, ही वार्ता सर्वत्र पसरली होती. ज्या गाडीत जागा आहे, तिच्यात कोणीही आपले गाठोडे टाकून पाहतो. तळसभेचे अध्यक्ष अस्वल होते. त्यांनी मुंगूसरावांना हळूच बोलावले.

"बांधावर काम करणारे थकतील, मुंगूसराव. त्यांच्यासाठी मधाची सोय नको?"

"कामगार मध खातात, महाराज?"

"खाणार नाहीत. मग तो उरेल. उरलेल्याची काळजी मी घेईन."

मुंगूसरावांनी मधाचे कलम जोडले. मग हरणांनी बांधावर गवत मागितले. मोरांनी बांधाच्या उद्घाटनासाठी पिसांची झालर मागितली. रानडुकरांनी टेकडीवर दुसरा पहारेकरी मागितला; माती जाणार म्हटल्यावर तिच्यावर अधिक लक्ष हवे! मुंगूसराव कोणासही नाही म्हणाले नाहीत. सरकार टिकवायचे असते, मुलांनो, आणि नकाराने आजवर कोणतेही सरकार टिकलेले नाही. ताडपत्राच्या एका पानाचा जाडजूड गठ्ठा झाला.

मग चर्चा सुरू झाली. येथे तुम्ही नीट लक्ष द्या. तळसभेत लाक्षणिक कपातीची जुनी रीत होती. कोणाही सदस्याला सरकारकडे गाऱ्हाणे मांडायचे असेल, तर त्याने उभे राहून म्हणावे, 'या कलमातून एक मूठ कमी करावी.' मग त्याने मनसोक्त बोलावे. मंत्र्यांनी 'लक्ष घालतो' म्हणावे. मग सदस्याने आपली सूचना मागे घ्यावी. कमी कधीच काही होत नसे. तो एक शिष्टाचार होता.

विरोधी पक्षनेते वानरराव उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, मातीच्या कलमातून एक मूठ कमी करावी! माझ्या चिंचेला यंदा चिंचा धरल्या नाहीत. सरकार झोपले आहे काय?"

"मातीचा आणि चिंचेचा काय संबंध?" मुंगूसराव पुटपुटले.

"चिंच मातीत उगवते, मंत्रिमहोदय! आपण काय आभाळात लावता?"

सभागृहात हशा पिकला. मग कोणीच थांबेना. ज्याला त्याला गाऱ्हाणे होते आणि जो तो मातीचीच एक मूठ कमी करावी म्हणत होता. मधातून कमी करा असे अस्वलांसमोर कोण म्हणणार? गवतातून हरणे म्हणणार नव्हती, झालरीतून मोर म्हणणार नव्हते. एकटी माती कोणाचीच नव्हती. ती टिटवीची होती, आणि टिटवी सभागृहाची सदस्य नव्हती.

बोलता बोलता सूर्य टेकडीला टेकला. सूर्यास्ताला जे काही उरले असेल, ते सर्व चर्चेविना एकदम मतास टाकावे, असा नियम होता. सूचना मागे घेण्यास कोणाला वेळच मिळाला नाही. खरे सांगायचे, तर आपण काही सूचना मांडली आहे, हेच कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. प्रत्येक जण आपल्या भाषणावर खूश होता आणि प्रत्येकाला भूक लागली होती.

अस्वलांनी सर्व कपाती आणि सर्व कलमे एकत्र केली. "जे अनुकूल असतील, त्यांनी 'होय' म्हणावे!"

"होय!" सभागृह गरजले आणि घराकडे पळाले.

कपाती मंजूर झाल्या. एका पाटीत मावतात, त्याहून अधिक मुठी कमी झाल्या होत्या. विधेयकात मध होता, गवत होते, झालर होती, पहारेकरी होता. माती नव्हती.

"अहो, माती गेली!" टिटवी बाहेरच्या बाभळीखालून ओरडली. "मुंगूसराव, माती गेली!"

मुंगूसराव गठ्ठा काखेत मारून निघाले होते. "बाई, शुभ बोला. विधेयक मंजूर झाले."

"पण त्यात मातीच नाही!"

"नावाची सुरुवात तर बांध दुरुस्तीनेच होते ना? ती कोणी बदलली का? नाही. मग झाले तर! माती पुढच्या अधिवेशनात पाहू. तत्त्व तर मान्य झाले!"

टिटवी माळावर परतली. तिने पंख पसरून अंडी पोटाखाली घेतली. आतून बारीक टकटक ऐकू आली. पिल्ले जागी झाली होती. टिटवीने मान वर केली. समोर गजराजपंत बसले होते. त्यांच्या खाली भोक होते. त्यांच्या मागे अख्खे तळे होते. आणि माळ कोरडाठाक होता.

टिटवीला एकाएकी सर्व समजले. पंजा उमटला की पंत उठणार. पंत उठले की पाणी येणार. ज्या विधेयकासाठी तिने कंठ सुकवला होता, ते मंजूर होताच तिची पिल्ले बुडणार होती.

"पंत," ती आता अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे कोणी काही खुलासा मागायला नको का? कोणी मागितला, तर बराच वेळ लावाल ना?"

"बाई, तुम्हीच तर घाई करीत होता!"

"तेव्हा मी अडाणी होते."

दुसऱ्या दिवशी विधेयक फांदीसभेत गेले. टिटवी त्याच्या आधी पोहोचली. फांदीसभेचे ज्येष्ठ सदस्य, भल्यामोठ्या चोचीचे धनेश आजोबा, सर्वांत वरच्या फांदीवर डुलक्या घेत होते.

"आजोबा, या विधेयकात मातीची व्याख्याच नाही!"

आजोबांनी एक डोळा उघडला. त्यांना कित्येक वर्षांत कोणी काही विचारले नव्हते. "व्याख्या नाही? काळी की तांबडी, हेही नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

आजोबांचा दुसरा डोळा उघडला. ते उभे राहिले आणि त्यांनी मातीवर बोलण्यास प्रारंभ केला. ते काळ्या मातीवर बोलले, तांबड्या मातीवर बोलले, आपल्या बालपणीच्या मातीवर बोलले आणि तिच्या वासावरही बोलले. शेवटी एका पोपटाला राहवले नाही.

"आजोबा, पण विधेयकात माती आहेच कुठे?"

"नाही ना? मग जी वस्तू नाही, तिची तर व्याख्या आधी हवी! असलेली वस्तू काय, दिसतेच!"

"वा! वा!" फांद्या हालल्या. प्रत्येक पक्ष्याला मातीविषयी काही ना काही आठवले. नियमाने जितके दिवस बोलता येत होते, तितके दिवस फांदीसभा बोलली. मग तिने सुस्कारे सोडले आणि विधेयक परत पाठवले.

आता उरला पंजा. मुंगूसरावांनी समारंभ थाटात करावयाचे ठरवले. जागा शोधता शोधता त्यांची दृष्टी बांधाखालच्या माळावर गेली.

"काय सुरेख कोरडी जमीन आहे!" ते म्हणाले. "इथेच मंडप घाला. कामाच्या जागीच समारंभ. लोकांना दिसले पाहिजे."

मंडप पडला. मोरांची झालर लागली. अस्वल मधासह आले. वानरराव पहिल्या रांगेत बसले. विरोध चर्चेपुरता असतो, समारंभाला नसतो. वनराज आसनावर बसले आणि त्यांच्यापुढे गठ्ठा ठेवला गेला.

मंडपाच्या कडेला, खड्यांच्या मधोमध, टिटवीची तीन पिल्ले कवचाबाहेर आली होती. चौथ्या अंड्याला नुसती चीर पडली होती. वनराजांनी पंजा उचलला.

"महाराज!" टिटवी किंचाळली. "विधेयकाचे पूर्ण नाव वाचून न घेता पंजा उमटवणे आपल्याला शोभत नाही!"

पंजा हवेतच थांबला. "शोभत नाही?" वनराजांनी मुंगूसरावांकडे पाहिले.

"महाराज, तशी प्रथा नाही."

"आजपासून आहे. वाचा."

मुंगूसरावांनी घसा साफ केला. नावही आता एका पानाचे राहिले नव्हते. ज्याने कलम जोडले, त्याने नावातही आपला शब्द जोडला होता. "बांध दुरुस्ती, तत्संबंधी मधसंकलन, मधसंकलनोत्तर शिल्लक मधाची देखभाल, तदनुषंगिक तृणवृद्धी, पिच्छशोभा..."

चौथ्या अंड्याचा तुकडा निघाला.

"...पिच्छशोभेची वार्षिक डागडुजी, मृत्तिकारक्षण, मृत्तिकारक्षकांचे रक्षण..."

एक ओले डोके बाहेर आले. "ये रे बाळा, ये लवकर," टिटवी कुजबुजली. "मंत्री अजून वाचत आहेत."

वाचन पानापानाने पुढे सरकत गेले. वानररावांना झोप लागली. चौथे पिल्लू बाहेर आले, उन्हात वाळले, लटपटत उभे राहिले. टिटवीने चौघांना पुढे घातले. पंतांच्या गुडघ्याजवळून ती सगळी बांधावर चढली आणि थेट माथ्यावर जाऊन थांबली. टिटवीची पिल्ले जन्मताच चालतात, मुलांनो. या जंगलात ते आवश्यकच होते.

"...व अन्य बाबी विनियोजन विधेयक," मुंगूसरावांनी नाव संपवले.

पंजा उमटला. टाळ्या झाल्या. गजराजपंतांनी समाधानाने श्वास सोडला. "समितीचे कार्य पूर्ण झाले," ते म्हणाले, आणि वनराजांना मानवंदना देण्यासाठी उभे राहिले.

इतके दिवस अडलेले पाणी एकदम आले. आधी झालर गेली, मग मंडप, मग मध. गठ्ठा तरंगत वानररावांच्या अंगावर आला, तेव्हा त्यांना जाग आली. अस्वल मधाच्या मागे पोहू लागले. वनराज छातीभर पाण्यात, पंजा वर धरून बसले होते.

"मुंगूसराव," त्यांनी विचारले, "हे काय आहे?"

मुंगूसराव गळ्यापर्यंत बुडाले होते. परंतु ते मंत्री होते.

"अंमलबजावणी, महाराज."

दुसऱ्या दिवशी खालच्या माळास पाणी पोहोचवल्याबद्दल सरकारच्या अभिनंदनाचा ठराव झाला. पाठोपाठ 'मंडप सुकवणे विनियोजन विधेयक' आले आणि ते समितीकडे गेले. गजराजपंत माळावर आले, बांधाला टेकले आणि जुन्या जागी बसले. पाणी थांबले.

बांधाच्या माथ्यावरून टिटवीने मान लववली. "पंत, या खेपेस घाई करू नका हं."

"बाई," पंत ऊस सोलत म्हणाले, "गेल्या खेपेस केली होती का?"

पुढील हंगामात टिटवीने त्याच माळावर अंडी घातली. तत्पूर्वी तिने एवढीच चौकशी केली, की विधेयक अजून मंजूर झालेले नाही ना?

तात्पर्य: सुजाण नागरिकाने आपल्या मागणीस मंजुरी मिळावी म्हणून कधीही आग्रह धरू नये. मंजूर झालेल्या विधेयकाखाली माणूस बुडतो. प्रलंबित विधेयकाखाली निदान अंडी उबतात. मागायचेच असेल, तर समितीला अध्यक्ष वजनदार मागावा आणि त्याला ऊस वेळेवर पोचवावा.