यादोरावांचं एकनिष्ठ पुंजणं

पक्षाचे निरीक्षक अकरा वाजता येणार होते. आभाळ मात्र साडेदहालाच भरून आलं.

आसगावात यादोरावांच्या अंगणात दोन एकरांच्या धानाचे भारे रचून ठेवले होते. अशा रचलेल्या ढिगाला इकडे पुंजणं म्हणतात. मळणीआधी ते भिजलं, की कणसांना जागच्या जागी कोंब फुटतात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. पण यादोरावांना त्या दिवशी आभाळ दिसतच नव्हतं. त्यांचा जिल्हा परिषद गट यंदा महिलांसाठी राखीव निघाला होता आणि बायकोला, बेबीबाईंना, तिकीट मिळावं म्हणून ते महिनाभर चपला झिजवत होते. अर्जात त्यांनी बेधडक लिहून दिलं होतं, 'तीस वर्षांपासून खलबत्ता पक्षाशी एकनिष्ठ'. खरं म्हणजे त्यांना खलबत्त्यात येऊन दीड वर्ष झालं होतं.

"गुड्डीची माय, नवं लुगडं नेस. आन् सायबानं विचारलं तर सांगजो, तीस साल."

"तीस साल काय?"

"खलबत्ता!"

"आपल्या घरच्या खलबत्त्याले बत्तीस झाले. खोटं कायले बोलू?"

यादोरावांनी कपाळाला हात लावला आणि पाहुण्यांना आणायला ते पवनी रस्त्यावर धावले.

इकडे टपटप सुरू झाली. बेबीबाईंनी सून टीनाला हाक मारली आणि गोठ्याच्या माळ्यावरून फ्लेक्स खाली ओढले. निवडणूक संपली, की चौकातला फ्लेक्स कार्यकर्त्याच्या घरी जातो आणि पुढची कित्येक वर्षं धान झाकतो. राजकारणात एवढी टिकाऊ गोष्ट दुसरी नाही. छापलेल्या बाजूवरून पाणी चांगलं ओघळतं, म्हणून दोघींनी ती बाजू वर ठेवली, कडांना दगड बांधले आणि मोकळ्या झाल्या.

गाडी गल्लीत वळली आणि यादोरावांची नजर अंगणाकडे गेली. पुंजण्यावर गेल्या पंधरा वर्षांचा पक्षांचा इतिहास पसरला होता. सूप पक्ष, शिडी पक्ष, कढई पक्ष आणि शेवटी खलबत्ता. प्रत्येकावर खालच्या रांगेत हात जोडलेले यादोराव होते. एकात मिशी काळी, एकात करडी, एकात पांढरी, तर एकात पुन्हा काळी, कारण त्या साली त्यांनी कलप लावला होता.

आणि प्रत्येक फ्लेक्सवर मधोमध, बैलाएवढा मोठा चेहरा होता वासुदेवरावांचा. हे यादोरावांचे नेते. ते ज्या पक्षात गेले, त्या पक्षात यादोराव मागोमाग गेले. आत्ता ते गाडीत पुढेच बसले होते आणि मुंबईच्या निरीक्षकांना, म्हणजे योगेंद्रजींना, सांगत होते, "मी तर जन्मापासून खलबत्त्याचाच मानूस!"

तेवढ्यात त्यांचंही लक्ष अंगणाकडे गेलं आणि त्यांनी मागे वळून यादोरावांकडे डोळे वटारले.

योगेंद्रजी तरुण होते, मोबाईलमध्ये डोकं घालून होते. यादोरावांनी त्यांना छत्रीखाली घेऊन, डोळ्यांपुढे छत्री तिरपी धरून, थेट आतल्या खोलीत नेऊन बसवलं. बेबीबाईंनी चहाबरोबर पोह्यांची भली मोठी बशी पुढे ठेवली. बाहेर वासुदेवराव दातओठ खाऊन कुजबुजत होते.

"यादो, काहून केलं रे असं? माही इज्जत आभायात टांगली!"

"मी कायले करू सायेब? बायकोनं केलं!"

"उलटं कर सारं! लवकर!"

दोघांनी दगड सोडले आणि तिथेच घोटाळा झाला. नेमका तेव्हाच वारा सुटला. सूप पक्ष फडफडत उभा राहिला, शिडी पक्ष यादोरावांच्या तोंडाला चिकटला, कढई पक्ष गोठ्याकडे निघाला. घरातून योगेंद्रजींचा आवाज आला, "पाऊस वाढला वाटतं, बघतो जरा."

वासुदेवरावांनी मागचापुढचा विचार केला नाही. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी ते लाकडी निसणी लावून पुंजण्यावर चढले, चारही फ्लेक्स अंगाखाली ओढले आणि हातपाय पसरून पालथे पडले. चेहरा सुपावर, पोट शिडीवर, एक पाय कढईवर.

योगेंद्रजी बशी घेऊनच ओसरीवर आले आणि थबकले.

"वासुदेवराव! हे काय?"

"शेतकऱ्याचं धान हाय, योगेंद्रजी!" वरून गदगदलेला आवाज आला. "जीव गेला तरी भिजू देनार नाई!"

योगेंद्रजींचे डोळे भरून आले. त्यांनी बशी टीनाच्या हातात दिली आणि व्हिडिओ सुरू केला. यादोराव निसणी धरून चिंब उभे होते, पण ते काही चौकटीत आले नाहीत.

पाऊण तासानं पाऊस थांबला.

"उतरा आता, साहेब!"

"वारा हाय अजून!"

"ऊन पडलंय."

"ऊनही वाईट राहते धानाले!"

शेवटी योगेंद्रजींनी त्यांना खालूनच हात जोडले आणि ते एकटेच पुढच्या गावाला गेले. मग वासुदेवराव उतरले. धानाच्या कुसळांनी त्यांचं सगळं अंग खाजत होतं. धान मात्र एक काडीही भिजलं नव्हतं.

तो व्हिडिओ दोन दिवसांत जिल्हाभर फिरला. तिसऱ्या दिवशी यादी लागली. ज्या घरात शेतकऱ्याची इतकी तळमळ, त्याच घरात आसगाव गटाचं तिकीट गेलं होतं. उमेदवार होत्या वासुदेवरावांच्या पत्नी रुखमिणीबाई.

यादोराव खाटेवर आडवे झाले. त्यांना खरंच रडू आलं होतं.

"ज्याच्या मागं पंधरा साल फिरलो, त्यानंच माह्या घरचं तिकीट नेलं!"

"मले नाईच पायजे होतं तिकीट," बेबीबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "धान वाचलं ना? भात खा, झोपा."

यादोरावांनी भात खाल्ला, पण झोप लागली नाही. सकाळी ते भंडाऱ्याला गेले आणि संध्याकाळी गळ्यात नवाकोरा दुपट्टा घालून परत आले. छाती दोन बोटं पुढे आली होती.

"गुड्डीची माय, चाळणी पक्षात गेलो! वासुदेवरावाले न विचारता! उद्या चौकात फ्लेक्स लागते. मधात माहाच फोटो राहीन, मोठा!"

बेबीबाईंनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली.

"किती बाय कितीचा?"