माशांसाठी मडकी

गावाचं भलं करायला अक्कल लागते आणि ती माझ्याकडे भरपूर आहे, असं १९६३ सालच्या उन्हाळ्यापर्यंत माझं ठाम मत होतं!

झालं असं, की एका मासिकात मी वाचलं, समुद्रात पोवळ्यांचे खडक असतात आणि त्यांच्या खाचाकपारींत माशांची पिल्लं सुखाने वाढतात. आमच्या गावतळ्यात ना खाच ना कपार! पिल्लू दिसलं की बगळ्याने उचललंच. आता बुलढाणा जिल्ह्यात पोवळी कुठून आणायची? पण जुनी मडकी तर घरोघर होती! ती तळाशी ठेवली की झाला आमचा खडक. मी शाळामास्तर, माझ्या शब्दाला वजन. लगेच स्वयंसेवक मंडळ काढलं. शेजारचा इंद्रभान पहिला सभासद. गावातल्या बाप्यांनी आपापल्या माळ्यावरची मडकी आणून दिली. आम्ही त्यांत दगड भरले आणि छातीएवढ्या पाण्यात जाऊन सोडून दिली.

नेमका त्याच वर्षी सोन्याचा नवा कायदा आला होता. सरकार घरोघर येऊन दागिने नेणार, अशी कंडी आमच्याकडे पिकली होती. अशा दिवसांत मास्तर तळ्यात मडकी बुडवतो म्हटल्यावर काय होणार?

सरपंच भगवानरावांनी मला पारावर गाठलं.

"मास्तर, खरं सांगा. मडक्यात काय हाय?"

"दगड!"

"दगड पाण्यात टाकाले मडकं कायले लागते?"

"माशांच्या पिल्लांना घर नको का?"

"हाव! आन् आमी दुधखुळे हाव!"

तेव्हापासून माझ्यावर पाळत सुरू झाली. मी खिशात हात घातला, तरी लोक माना वाकड्या करून बघायचे! शेवटी वैतागून मी भगवानरावांना म्हटलं, "उद्या सकाळी सगळ्यांदेखत मडकी वर काढतो. होऊन जाऊ द्या!"

जेवताना हे मी मोठ्या ऐटीत विमलबाईंना सांगितलं. विमलबाई म्हणजे आमचं कुटुंब. त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला.

"आपल्या माळ्यावरचं काळं मडकं कुठं हाय?"

"तळ्यात."

"आन् त्यातल्या चिंध्या?"

"राहू दिल्या. म्हटलं, पिल्लांच्या अंगाखाली मऊ लागेल!"

विमलबाईंनी हातातलं पीठ परातीत आपटलं. "त्या चिंध्याईत माही बोरमाळ होती हो! माह्या मायनं देलेली!"

"अहो, मग मला का नाही सांगितलं?"

"तुमच्या पोटात काई राह्यते काय? गावभर सांगत फिरले असते!"

म्हणजे सगळ्या गावाचा संशय खरा, आणि खोटा एकटा मीच! मी तसाच इंद्रभानकडे धावलो. तर दारातच त्याची बायको सत्यभामाबाई ओरडत होती, "माह्या पाटल्या होत्या ना त्यात! कोणाले इचारून मडकं उचललं?"

सकाळी आम्ही दोघे तळ्यावर पोचलो, तर गावातले सगळे बाप्ये आधीच हजर! कुणी दात घासतोय, कुणी उगाच बैल धुतोय, आणि झाडून सगळ्यांचे डोळे पाण्यात! मी काय ते समजलो. बायकांची अक्कल गावभर सारखीच चालली होती. खुद्द भगवानराव गुडघाभर पाण्यात उभे होते.

"भगवानराव, तुम्ही पाण्यात?"

"पाय धुवून राह्यलो," ते घाईघाईने बाहेर आले. "मास्तर, मडकी राहू द्या. माशाइच्या पोराइले काऊन तरास देता?"

"तेच म्हणतो मी!"

"हाव, हाव!" सगळे एका सुरात ओरडले.

कारण उघड होतं. जो पाण्यात उतरेल त्याच्याकडे सोनं आहे हे ठरलं, आणि बाहेर आलेलं मडकं कुणाचं यावर डोकी फुटली असती, ती वेगळीच! मग तळ्यात पाऊल टाकायला बंदी झाली. पाळीपाळीने पहारा बसला, आणि पहारेकऱ्यावर दुसरा पहारा! बगळ्यालासुद्धा कुणी टेकू देईना. न जाणो, त्याच्या चोचीला काय लागेल!

मासे असे वाढले, असे वाढले, की जिल्ह्याहून साहेब बघायला आले. त्यांचे डोळे पाणावले.

"असे निष्ठावान स्वयंसेवक मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत! ही राखण कुठवर करणार तुम्ही?"

"मरेलोक! जीव हाय तोवर!" भगवानराव म्हणाले. नजर पाण्यात.

साहेबांनी माझ्या गळ्यात भलामोठा झेंडूचा हार घातला. मी तो मिरवत घरी गेलो. विमलबाईंनी हाराकडे पाहिलं, स्वतःच्या मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला, आणि माझं ताट उचलून आत नेलं!