एक क्रमांकाच्या वेशीवरील सटवोजी

शब्ददेवतेस दंडवत करोन, जैसे घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, संगणकाचे पोटी एक राज्य होते, आणि तेथे हास्केल नामक संगणक-भाषेच्या शास्त्राचा अंमल, आणि शास्त्र ऐसे कडक की प्रकार पारखिल्यावाचून कोणास आत पाऊल टाकू न देई. राज्यास तीन वेशी. शून्य क्रमांकाचीतून बाहेरचे बोलणे आत येई, एक क्रमांकाचीतून राजवचन बाहेर जाई, आणि दोन क्रमांकाचीतून तक्रारी. एक क्रमांकाचीवर सटवोजी हाकारे बसत. वचने मुखी साठवावी आणि साठा भरला की एकदम हाकारावी, ही त्यांची रीत. उत्तर आले तरी शून्य वेशीने परस्पर महाराजांकडे जाई. सटवोजींशी कोणी बोलत नसे, परंतु पलीकडे कोणी ऐकते, एवढ्या आशेवर ते बसत.

मग राज्याने पडद्याआड राबावे ऐसे ठरले, आणि बाहेर ऐकणारा उरला नाही, आणि कारभारी निळोपंत यांनी एक क्रमांकाची वेस परस्पर बुजविली. सटवोजींस सांगावयाचे राहिले. त्या राज्यीची चाल ऐसी, की नवे काही उघडिले म्हणजे त्यास सर्वांत लहान रिकामा आकडा मिळे. तेच दिवशी महाराजांची स्मृती ठेवावयास बारव खोदिली, आणि तिजला एक हाच आकडा लाभला. आकड्यामागे वेस की बारव, हे शास्त्राने पुसले नाही. मग सटवोजींचा साठा भरला, आणि त्यांनी एक या आकड्याकडे तोंड करोन हाकारिले, आणि सारी वचने बारवेत कोसळोन स्मृती गढूळ जाहली. महाराज भोजनास बसले तों राणीसाहेबांचे नाव आठवेना.

निळोपंत धावत आले. "सटवोजी, काय हे केलेत!"

"पंत, मी नेहमीप्रमाणे एक क्रमांकास हाक दिली. वेस बुजली, हे मज कोणी सांगितले का?"

पंत वरमले. "नाही. चूक आमची."

मग बारव उपसोन निर्मळ केली, आणि तिजला तीन हा आकडा दिला, आणि एकावर निर्जन दरीची वेस बसविली. त्या दरीत काहीही टाकावे, ती गिळे. पुढे कायदाच केला, की मूळच्या तिहींतील वेस नुसती बुजवू नये, जुनीवर नवी बसवावी, आकडा क्षणभरही रिकामा राहू नये.

"आता ऐकणार कोण?" सटवोजींनी पुसिले.

"कोणी नाही. तरी राजवचने येतच राहतील, ती हाकारावी लागतील."

"बरे. सांगितलेत, हेच पुष्कळ."

पंत गेल्यावर सटवोजींनी राजवचनांमागून आपले स्वतःचे नाव एकदा हाकारिले. दरीने तेही गिळिले. त्यांस फार वाईट वाटले.

ऐसी ही हकीकत. राज्य निर्धोक, स्मृती निर्मळ, आणि सटवोजी एकटे, तेही राजाज्ञेने.