आप्पांचा छायांकित भाग

टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या आमच्या घरात माझे वडील स्वयंपाकघरात जातात ते भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे. हातात चहाचा कप असला तरी. पाहुणे आधी हसतात, मग काळजीने माझ्याकडे बघतात.

आप्पांनी अकोल्यात जन्मभर गणित शिकवलं. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. असमानतेचा आलेख हा त्यांचा जीव की प्राण. रेषा काढायची, आणि कुठली बाजू रंगवायची ते ठरवायला शून्य-शून्य हा बिंदू घालून बघायचा. हे ते कशालाही लावतात. आमटीत मीठ किती, तर "आधी शून्य घालून बघ." उद्या जळणारा कचरा टाकायचा वार की प्लास्टिकचा, यावर घोळ झाला की, "सूनबाई, शून्य-शून्य घाला!" कशात घालायचं, ते तिला अजून कळलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी घरून मीटिंगमध्ये होतो. मागून आप्पा गेले. बनियन, कानटोपी, आणि कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजत. पडद्यावरचे सगळे चेहरे गप्प झाले. मी वाकून वाकून "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत राहिलो. म्हणजे माफ करा.

संध्याकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर बैठकीतल्या चौकोनी मॅटचा आलेखकागद झालेला. टेबलावरच्या लॅपटॉपपासून जमिनीवर दोन रेषा फाकत गेलेल्या, चिकटपट्टीच्या तुकड्यांच्या.

"तुटक का, विचार," आप्पा म्हणाले.

"तुटक का?"

"रेषेवरचा माणूस कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून रेषा धरायची नाही, तुटक काढायची. पण पंचाईत अशी, की दोन्ही रेषा शून्य-शून्यातूनच, म्हणजे लॅपटॉपातूनच जातात. तपासायला दुसरा बिंदू लागला."

दुसरा बिंदू म्हणजे माझी मुलगी इरा. ती मधोमध उभी राहून "आजोबा, मिएरु?" ओरडत होती. दिसतेय का?

"दिसतेस!" म्हणत त्यांनी आतला भाग पेन्सिलीच्या तिरक्या रेघांनी रंगवून टाकला. बायको मॅटसाठी हळहळली. मी हसलो. बरी सोय झाली, असंही मला वाटलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

परवा ऑफिसातून लवकर आलो. लॅपटॉप माझ्या पाठीवरच्या बॅगेत. घरात आप्पा एकटेच, आणि कप सांभाळत भिंतीकडेने चाललेले.

"आप्पा, आज कॅमेरा कुठाय?"

"सवय मोडायला नको." कप त्यांनी दोन्ही हातांत धरला. "त्या दिवशी तू माझ्यासाठी माफी मागितलीस. सुमिमासेन. इथे मी शिकलेला पहिला शब्द तो. ट्रेनमध्ये कुणाला धक्का लागला की म्हणतो. तुला पुन्हा म्हणावा लागू नये, एवढंच."

इथे तो शब्द उठता-बसता म्हणतात, असं सांगता आलं असतं. पण मला त्या दिवशी खरंच लाज वाटली होती, आणि तिची हद्द त्यांनी अगदी बरोबर आखली होती.

काल मीटिंगआधी मी चिकटपट्ट्या खरवडून काढल्या. पेन्सिलीच्या रेघा काही जाईनात. सगळे जमल्यावर हाक मारली, "आप्पा, या. साहेबांशी ओळख करून द्यायचीय."

"शर्ट घालू का?"

"घाला."

इस्त्रीचा शर्ट घालून आले. भिंतीकडेनेच आले, आणि रेघांच्या कडेशी येऊन थांबले.

मी लॅपटॉप उचलला आणि त्यांच्याकडे वळवला.