तीन पायांचं जनावर

मालमत्तेचा हक्क पवित्र असतो, आणि मालमत्तेत कापूस पिकत असला तर तो अतिपवित्र होतो. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस विलायतेला जायचा थांबल्यापासून वऱ्हाडातल्या काळ्या मातीला असं काही पावित्र्य चढलं होतं, की ज्या धुऱ्यावरून पूर्वी अख्खी वरात वाजतगाजत जाई, तिथून आता शेजाऱ्याची कोंबडी गेली तरी पंच बसत. (धुरा म्हणजे शेताचा बांध. तो दोघांचा सामाईक असतो, त्यामुळे भांडायला दोघांनाही पुरतो.)

अशा दिवसांत, वेचणी ऐन भरात असताना, भगवंतराव नावाचे फोटोग्राफर छकड्यात बसून तेल्हाऱ्याजवळच्या एका गावी आले. अकोल्याच्या एका कापूस व्यापाऱ्याला आपल्या पेढीवर टांगायला पांढऱ्याशुभ्र वावराची तसबीर हवी होती. भगवंतरावांनी नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर लाकडी तिपाई रोवली, तिच्यावर कॅमेऱ्याची पेटी चढवली आणि काळ्या फडक्यात डोकं खुपसलं. मालकाला विचारावं, हे त्यांना सुचलं नाही. मुंबईत समुद्राची तसबीर काढताना त्यांना कोणी हटकलं नव्हतं.

नत्थुजी धावत आला. "माह्या वावरात काहून पाहून राहिले तुमी?"

"मी धुऱ्यावर उभा आहे," असं सांगून भगवंतराव पेटीतली काच घेऊन छकड्याच्या काळ्या राहुटीत शिरले आणि ती धुऊन बाहेर आले, कारण तसबिरीची ओली काच भांडण संपायची वाट पाहत नाही. भांडण मात्र त्यांची वाट पाहत होतं. ते पोलीस पाटील महादेवरावांपुढे गेलं.

पाटलांना कायदा एकच येत होता, पण तो पुरता येत होता: परक्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालावं. त्यांनी तिपाईचे पाय मोजले. तीन भरले. एक पाय कमी असणं ही जनावराची अडचण आहे, सबब नव्हे, असा त्यांनी निर्वाळा दिला.

"अहो, पण तिन्ही पाय धुऱ्यावर होते!"

"बैल धुऱ्यावर उभा रायते अन् मान वावरात घालते, तवा आमी त्याचे पाय पायतो का तोंड?" पाटील म्हणाले. "याचं तोंड वावरातच होतं."

मोठमोठ्या न्यायालयांना पुढे कित्येक वर्षं जे सुटणार नव्हतं, ते पाटलांनी एका बैलात सोडवलं. मला या माणसाविषयी नितांत आदर आहे.

तिपाईसकट पेटी रीतसर कोंडवाड्यात खुंट्याला बांधण्यात आली. शेजारी एक म्हैस आणि दोन शेळ्या होत्या. नियमाप्रमाणे पेटीपुढे कडबा टाकला. (तिने खाल्ला नाही. म्हशीने खाल्ला. खर्च पेटीच्या नावावर पडला.) दूध देते का, या प्रश्नावर भगवंतराव पाय आपटत बाहेर गेल्यामुळे 'भाकड' असं लिहून घेतलं.

आता जनावराने काय खाल्लं हे कळल्याशिवाय दंड ठरत नाही. म्हणून पेटीच्या पोटातून निघालेली काच चावडीवर मागवली. काच अजून कच्ची होती, वर रोगण चढायचं होतं. काळ्या फडक्यावर धरली तेव्हा तिच्यात नत्थुजीचं वावर दिसलं, आणि मधोमध कमरेच्या ओटीत कापूस भरत असलेली मैनाबाई.

मैनाबाई माळ्याची. स्वतःचा भाजीपाल्याचा मळा होता, पण त्या साली वेचणीची मजुरी अशी काही चढली होती की ती गुपचूप नत्थुजीकडे जाऊ लागली. आणि तिच्या लेकीची, जमुनाची, सोयरीक बाळापूरला ठरली होती ती 'आमच्या बाया दुसऱ्याच्या वावरात पाय ठेवत नाहीत' या बोलीवर. बाळापूरचे व्याही आपला कापूस नेमके त्याच अकोल्याच्या पेढीवर घालत. (बाळापूरच्या वाचकांनी हा परिच्छेद गाळावा.)

"माही शकल मले वापस द्या," मैनाबाई चावडीवर येऊन म्हणाली. "पोरीची सोयरीक मोडन."

पाटलांना दया आली, पण दयेला मालकी लागते. वावर नत्थुजीचं. काच भगवंतरावांची. तसबीर व्यापाऱ्याची. कडब्यावर म्हशीचासुद्धा काही हक्क निघत होता. मैनाबाईचं त्यात काय होतं? नुसतं तोंड. आणि तोंडावर शेतसारा बसत नसल्यामुळे सरकारदरबारी ते कोणाच्याच नावावर नसतं.

तरीही अन्याय नको. आपला चेहरा कोणी पाहू नये, अशी बाईची तक्रार असल्याने, तो खरोखर तिचाच आहे का, हे गावातल्या प्रत्येकाने पाहून सांगावं, असं ठरलं. सगळ्यांनी पाहिला. सगळ्यांनी ओळखला. काही जबाबदार मंडळींनी खात्रीसाठी दोनदा पाहिला. मग निकाल लागला: दंड भरून भगवंतरावांनी पेटी आणि काच न्यावी, मैनाबाईने यापुढे पेटीकडे पाठ करून वेचावं.

"मंग मले बी पाहू द्या एकडाव," मैनाबाई म्हणाली.

खरंच की. तिला दाखवायचं राहूनच गेलं होतं.

तिने काच हातात घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली. आरशाबाहेर स्वतःला तिने कधी पाहिलंच नव्हतं. "चांगली दिसून राहिली मी," ती हळूच म्हणाली. तेव्हा चावडीवर कोणी हसलं नाही. मग तिने अंगठा जिभेला लावला आणि काचेवरचं तोंड घासून पुसून टाकलं.

भगवंतराव किंचाळले. त्यांनी ताबडतोब फिर्याद मांडली.

"सोताचं तोंड पुसाले कोनाची परवानगी लागते?" पाटील म्हणाले आणि उठले.

तसबीर अकोल्याला पेढीवर लागली. कापूस फार सुरेख आला आहे, असं सर्वांचं मत पडलं. त्यात एक बाई तोंडाशिवाय वेचते आहे, हे ना व्यापाऱ्याच्या ध्यानात आलं, ना बाळापूरच्या व्याह्यांच्या. जमुनाचं लग्न वैशाखात झालं.

आता मैनाबाई दिसायला होती तरी कशी, हे तुम्हाला विचारायचं असेल. मला ठाऊक आहे, सांगतोही. पण आधी एवढं कळू द्या: तुम्ही तिचे कोण?